रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग छातीत धडधडतंय ते काय?

पत्र (जरा कापून छापतेय):

"डॉक्टरताई, मी ३४ वर्षांची, राहायला कोथरूड, ऑफिस पिंपरी. रोज वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला उतरून खाली जायचं आणि पर्पल लाइन पकडायची. दिवाळीनंतर एक दिवस खालची गाडी सुटली आणि शिवाजीनगर यायच्या आत छाती अशी धडधडायला लागली की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं वाटलं. श्वास पुरेना, ओठांना आणि बोटांना मुंग्या, दरदरून घाम, आणि डोक्यात एकच, आता मी जाते. शिवाजीनगरला उतरले, तिथल्या सिक्युरिटीच्या बाईंनी बसवलं, पाणी दिलं. नवऱ्याने हॉस्पिटलला नेलं. ईसीजी, टूडी इको, ट्रोपोनिन (हार्टला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) दोनदा, सगळं नॉर्मल. 'स्ट्रेस आहे, घरी जा' म्हणाले. नंतर असंच एकदा सुपरमार्केटमध्ये बिलाच्या लाइनीत झालं, आणि एकदा तर रात्री झोपेतून दचकून उठले. आता मेट्रोत पाय ठेवत नाही, नवरा सोडतो नाहीतर कॅब. ओळखीच्या एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ (घबराट कमी करणारी गोळी) दिलीय, लागेल तेव्हा घे म्हणून, ती पर्समध्ये असतेच. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, नवरा म्हणतो टेन्शन घेऊ नकोस, बहीण म्हणते थायरॉइड असेल. मला वाटतं अँजिओग्राफी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा. मला वेड तर लागत नाहीये ना? आणि ऑफिसात सांगू का?"

अगं, आधी वेडाचं घेऊ, कारण बाकी सगळं वाचताना तुझं लक्ष तिकडेच राहणार. नाही, वेड लागत नाहीये. तू लिहिलंयस ते वाचून हे पॅनिक अटॅक वाटतात, आणि "आता माझा स्वतःवरचा ताबा जाणार, मला वेड लागणार" असं वाटणं हे त्या अटॅकचंच एक लक्षण आहे, डॉक्टरांच्या यादीत चक्क लिहिलेलं. पत्र वाचून निदान करता येत नाही, मी तुझी नाडी बघितलेली नाही, त्यामुळे "वाटतात" हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. पण तुला "स्ट्रेस आहे, घरी जा" म्हणून वाटेला लावलं ना, तिथे माझं थोडं बिनसलं. अर्धंच वाक्य झालं ते. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ हार्ट त्या दिवशी ठीक होतं एवढाच होतो, तुला काही झालंच नाही असा होत नाही. तुला झालं ते खरंखुरं शरीरात झालं, मनाचे खेळ वगैरे नाहीत.

काय झालं ते सांगते. मेंदूचा एक भाग असतो ज्याचं कामच मुळी धोका हुंगायचं, आणि त्याला वाटलं की आपण संकटात आहोत. का वाटलं? कधी काही कारण असतं, झोप नाही, उपाशीपोटी दोन कप चहा, गाडीत गर्दी, आदल्या दिवशी साहेबांशी वाजलेलं, आणि कधी काहीच कारण सापडत नाही, ते शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याने हुकूम सोडला की ॲड्रेनलिन सुटतं, हार्ट जोरात पळायला लागतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. समोर कुत्रं अंगावर आलं असतं तर हेच झालं असतं आणि तुला त्याचं काही वाटलं नसतं. मेट्रोत कुत्रं नव्हतं, म्हणून मग मेंदू कारण आतच शोधतो, "छातीत काहीतरी होतंय, म्हणजे हार्टच". त्या विचाराने आणखी ॲड्रेनलिन, त्याने आणखी धडधड, असं ते एकावर एक चढत जातं.

मुंग्यांचं तर फार छान स्पष्टीकरण आहे आणि ते कोणी सांगत नाही. घाबरलं की माणूस भराभर श्वास घेतो, कळतही नाही आपण घेतोय ते. त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त जरा अल्कलाइन होतं, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा उगाचच कुरकुरायला लागतात. म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, कधीकधी तर बोटं आखडून वाकडी होतात आणि घरचे म्हणतात लकवा मारला. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही त्याने थोड्या आकुंचन पावतात, म्हणून गरगरतं, आजूबाजूचं सगळं खोटं, लांब गेल्यासारखं वाटतं. म्हणजे "श्वास पुरत नाही" असं वाटत असताना प्रत्यक्षात तू गरजेपेक्षा जास्त श्वास घेत होतीस. आता यातली मजा बघ, अशा वेळी शेजारचा प्रत्येक माणूस काय सांगतो, "मोठ्ठा श्वास घे, अजून जोरात घे". तसं केलं की मुंग्या वाढतात. घ्यायचा तो नाकाने, हळू, साधारण चार आकडे मोजत, आणि सोडायचा सहा आकडे मोजत, सोडण्यावर भर, छाती नाही तर पोट हललं पाहिजे. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सिनेमातला उपाय करू नकोस, आता तो सांगत नाहीत, कारण खरंच दमा किंवा हार्टचं काही असेल तर त्याने ऑक्सिजन कमी होऊन जिवावर बेतू शकतं.

चक्कर येऊन पडेन ही भीती बऱ्याच जणींना असते, तू लिहिली नाहीस पण असणारच. बेशुद्ध पडायला बहुतेक वेळा बीपी खाली यावं लागतं आणि पॅनिकमध्ये ते उलट वर जातं, म्हणून पडेन पडेन वाटतं पण पडणारे फार थोडे. (रक्त बघून किंवा इंजेक्शन बघून चक्कर येते त्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं बीपी खरंच पडतं.)

आणि मुख्य म्हणजे हे वळवाच्या पावसासारखं असतं. आभाळ फाटल्यासारखं येतं, दहाएक मिनिटांत जोर पूर्ण चढतो, मग आपोआप उतरतो, तू काही केलंस तरी आणि नाही केलंस तरी. शिवाजीनगरला तू उतरलीस, बसलीस, पाणी प्यायलीस आणि बरं वाटलं, त्यामुळे डोक्यात असं बसलं की उतरले म्हणून वाचले. खरं तर गाडीत बसून राहिली असतीस तरी रेंज हिलच्या पुढे कुठेतरी ते उतरलंच असतं. हा मुद्दा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

झोपेतून उठलीस म्हणून जास्त घाबरलीयस का? "जागेपणी टेन्शन समजू शकते पण झोपेत कसलं टेन्शन, म्हणजे नक्की हार्टचंच." तसं नाही गं. पॅनिकचा त्रास असणाऱ्या बऱ्याच लोकांना रात्रीही अटॅक येतो आणि तो स्वप्नामुळे नाही येत. एक मात्र विचार, तू घोरतेस का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, सकाळी डोकं जड असतं का. नवऱ्याला माहीत असेल. तसं असेल तर स्लीप ॲप्नियाचं बघून घ्यावं लागेल.

आता तपासण्या. तुझी बहीण अगदीच चुकीचं बोलत नाहीये. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, हात थरथरणं, घाम, वजन कमी होणं, उकाडा सहन न होणं, हे सगळं होतं आणि वरून बघणाऱ्याला ती बाई घाबरटच वाटते. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी करायची, हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या वर हवं, आणि आपल्याकडे ते नसतंच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे अर्ध्याहून जास्त. रक्त कमी असलं की जिना चढतानाही धडधडतं. पाळीत अंगावरून फार जातं का हे डॉक्टरांना आपणहून सांग, बायका सांगत नाहीत आणि डॉक्टर घाईत विचारत नाहीत. शाकाहारी असशील तर बी१२ पण करून घे, पण त्याच्या मुंग्या वेगळ्या, त्या पायाच्या तळव्यांपासून सुरू होतात आणि दिवसदिवस राहतात, अशा दहा मिनिटांत येऊन जात नाहीत. साखर. बस्स. सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, वजन कमी करायच्या पावडरी यांनीही धडधड होते, काही घेत असशील तर तेही सांगून टाक. आणि चहा-कॉफी मोज, आपल्याला वाटतं दोनच कप, ऑफिसातल्या मशीनचे धरतच नाही आपण.

एवढं एकदा करायचं आणि मग थांबायचं. अँजिओग्राफी नको. त्यात मनगटातून नाहीतर जांघेतून नळी घालून हार्टपर्यंत नेतात, रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून डाय सोडतात, ती मन शांत करायची तपासणी नाही. चालताना-चढताना छाती दुखत असेल, ईसीजी-स्ट्रेस टेस्टमध्ये काही दिसलं असेल तर कार्डिओलॉजिस्ट सांगतील. हां, धडधड एका क्षणात सुरू आणि एका क्षणात बंद होत असेल, ठोके १५० च्या वर जात असतील, मनात भीती काहीच नसताना होत असेल किंवा त्यात शुद्ध गेली असेल, तर होल्टर लावायला लागतं, २४ तास अंगावर मशीन, कारण ठोक्यांच्या गडबडीचे काही आजार असे असतात की ते चालू असतानाच ईसीजी काढला तर सापडतात.

आणि कृपा करून ते फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेऊ नकोस. सणासुदीला मेसेज येतात बघ, साठ टेस्ट, निम्म्या किमतीत, घरी येऊन रक्त घेणार. लॅबची नॉर्मल रेंज बहुतेक वेळा अशी ठरवतात की धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे प्रत्येक टेस्टमध्ये वीसातला एक निरोगी माणूस रेंजच्या बाहेर पडणार हे ठरलेलंच. साठ टेस्ट केल्यास तर दोन-तीन आकडे विनाकारण ठळक अक्षरात छापून येणार, तू रात्री दोन वाजता ते गूगलवर टाकणार, आणि तिसऱ्या क्लिकला कॅन्सर. तुझ्यासारख्या आधीच धास्तावलेल्या बाईला ते पॅकेज म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली काळजी. घड्याळाचंही तेच. तू लिहिलं नाहीस, पण हातात ते नाडी दाखवणारं घड्याळ असेल तर काही दिवस कपाटात ठेव. बघितलं ११०, घाबरलीस, पुन्हा बघितलं १२५.

हार्टचं कसं ओळखायचं ते पण सांगते, कारण मी इतका वेळ पॅनिक पॅनिक करतेय ते वाचून कोणी साठीचे काका छातीत दुखत असताना "पॅनिक असेल" म्हणून बसून राहायला नकोत. आपल्याकडे तर आधी गॅसच असतो. ओवा, सोडा, हिंग लावणं, पाठीवर थोपटणं, यात एक-दोन तास जातात आणि नेमके तेच तास मोलाचे असतात. छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं, जड ठेवल्यासारखं, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, गार घाम, उलटी, श्रम केल्यावर येणं आणि वाढत जाणं. बायकांना आणि डायबिटीस असलेल्यांना दुखतच नाही असंही होतं, नुसता दम लागतो, पोटाच्या वरच्या भागात कसंतरी होतं, अंगातली ताकद गेल्यासारखी वाटते. पहिल्यांदाच झालंय, वय चाळीसच्या पुढे आहे, बीपी-शुगर आहे, सिगारेट-तंबाखू आहे, घरात कोणाला कमी वयात हार्टचं झालंय, तर डोकं चालवायचं नाही, १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी खात्री नसते, ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, म्हणून ते दोनदा करतात. तुझं दोनदा केलं हे त्या हॉस्पिटलने बरोबर केलं, त्याबद्दल त्यांना मार्क. पण ते त्या दिवसापुरतं. उद्या काहीतरी वेगळंच झालं, वर लिहिलंय तसं, तर "मला पॅनिक असतं" म्हणून तूही घरी बसू नकोस.

गोळीबद्दल. अल्प्राझोलाम लवकर काम करते म्हणून आवडते, आणि लवकर काम करते म्हणूनच सवय लावते. कधीमधी घेतलीस त्याने आभाळ कोसळलं नाही. पण रोज काही आठवडे घेतली तर शरीर मागायला लागतं, आणि मग एकदम बंद केली तर धडधड, झोप उडणं, क्वचित फिटसुद्धा येते. रोज घेत असशील तर स्वतः बंद करू नकोस, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरव. दारूबरोबर अजिबात नाही. ती घेऊन स्कूटर चालवू नकोस, झापड येते. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून विनाचिठ्ठी आणू नकोस, त्याने दिली तरी. यापेक्षा सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या जातीच्या गोळ्या पॅनिकवर जास्त उपयोगी, त्यांना सवयीचा तसा प्रश्न नाही, पण त्या दोन ते सहा आठवड्यांनी लागू पडतात आणि सुरुवातीच्या काही दिवसांत अस्वस्थपणा उलट वाढू शकतो. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट चौथ्या दिवशी "मला सूट नाही झाली" म्हणून सोडून देतो. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायला लागतात, आणि बंद करताना हळूहळू. बाळाचा विचार चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांग. गोळी घ्यायची की नाही हे सायकियाट्रिस्ट ठरवतील, सगळ्यांना लागतेच असं नाही.

आता जे मला खरं बोलायचंय ते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यातल्या अटॅकपेक्षा "आता मेट्रोत पाय ठेवत नाही" या वाक्याची जास्त काळजी वाटली. अटॅक मोजून थोडेसे झालेत, पण मेट्रो रोजची सुटली. उद्या सुपरमार्केट सुटेल, मग नाटकाला मधली सीट नको, मग लिफ्ट नको, मग नवरा गावाला गेला की ऑफिस नको. पॅनिक वाढतं ते टाळण्यावर वाढतं. प्रत्येक वेळी कॅब केलीस की मेंदू म्हणतो, बघ, मेट्रोत धोका होताच, वाचलो आपण. त्याला उलटं शिकवायचं असेल तर तिथे जाऊन बसायला लागतं आणि काही होत नाही हे त्याला बघू द्यायला लागतं. याला सीबीटी म्हणतात, कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, पॅनिकवर तिचा चांगला उपयोग होतो हे अभ्यासांतून नीट दिसलंय. सायकॉलॉजिस्टच्या मदतीने केलंस तर उत्तम, पण म्हणजे काय करतात ते तुझ्याच रूटवर सांगते.

पहिल्यांदा रविवारी सकाळी, गर्दी नसताना, नवऱ्याबरोबर नुसतं वनाजला जा, प्लॅटफॉर्मवर बस, दोन-चार गाड्या जाऊ दे, घरी ये. कंटाळा येईपर्यंत हेच. मग वनाज ते नळ स्टॉप. मग डेक्कन. हा सगळा वरचा मार्ग, उजेड असतो, खाली कर्वे रोड दिसतो, फारसं काही होणार नाही. खरी परीक्षा सिव्हिल कोर्टला, कारण तिथून एस्केलेटरने खाली खाली जायचं असतं आणि ते स्टेशन चांगलंच खोल आहे. तिथे पहिल्या दिवशी गाडीत बसूच नकोस. खाली जा, प्लॅटफॉर्मवर थांब, धडधड सुरू होईल, होऊ दे. भीतीला शून्य ते दहा आकडा दे मनात, सात आला तर सात, मोबाइल न बघता तिथेच उभी राहा आणि तो सातचा चार-तीन होईपर्यंत वर येऊ नकोस. यातच सगळी मेख आहे. सातवर असताना पळालीस तर सगळं मुसळ केरात, तीनवर आल्यावर शांतपणे निघालीस तर जिंकलीस. दुसऱ्या खेपेला एकच स्टेशन, शिवाजीनगर. तेच जिथे झालं होतं. तिथे उतरायचं, परत फिरायचं. मग न उतरता पुढच्या स्टेशनपर्यंत, वाटेत रेंज हिलजवळ गाडी जमिनीखालून वर येते, उजेड येतो, आणि "उजेड आला म्हणून बरं वाटलं" असंही मेंदूला वाटू नये म्हणून नंतर उलट दिशेने मंडई, स्वारगेट करायचं, तो सगळा बोगदाच आहे. पुढच्या पायऱ्या नवऱ्याशिवाय. त्याच्यापुढच्या त्याला फोन न लावता. आणि सगळ्यात शेवटची, ती गोळी घरी ठेवून. पाण्याची बाटली, दाराजवळचीच जागा, पर्समधली गोळ्यांची पट्टी, हे सगळे आधार एकेक करून सोडायला लागतात, नाहीतर मेंदू श्रेय त्या पट्टीला देतो. एखाद्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी एक पायरी खालची कर, घरी बसू नकोस.

आणखी एक, पर्वतीची टेकडी चढ. गंमत नाही करत. पॅनिक झालेली माणसं व्यायाम सोडतात कारण हार्ट पळायला लागलं की त्यांना अटॅकच वाटतो. तुझा इको नॉर्मल आहे, हिमोग्लोबिन ठीक निघालं की तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारून १०३ पायऱ्या जरा भरभर चढ, वर गेल्यावर नाडी बघ, १३०-१४० सहज असेल, घाम असेल, दम असेल, म्हणजे मेट्रोतलंच सगळं, आणि शेजारी आज्या गप्पा मारत भेळ खात असतील. तुझ्या वयाला हार्ट ढोबळमानाने १८०-१८५ पर्यंत जाऊ शकतं. त्या आकड्यांची ओळख झाली की ते अंगावर येत नाहीत.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. "टेन्शन घेऊ नकोस" हे तो प्रेमानेच म्हणतो, मला माहितेय, पण टेन्शन काय कोणी ताटात वाढून घेतं का. अटॅक चालू असताना त्याने एवढंच म्हणायचं, "हे तेच आहे, दहा-पंधरा मिनिटांत उतरेल, मी आहे इथे", आणि गप्प बसायचं. पाठीवर हात फिरवणं, पंखा, लिंबूपाणी, शेजाऱ्यांना हाका, काही नको. सासूबाईंना दृष्ट काढायची तर काढू दे, मीठमोहऱ्यांनी काही अपाय नाही आणि त्यांना काळजी वाटते हेच त्यातून दिसतं. पण मंगळवार-शुक्रवार उपास वाढवायला सांगत असतील तर नम्रपणे नाही म्हण. दिवसभर उपाशी, वर चार कप चहा आणि संध्याकाळी साबुदाणा, यात कोणाचंही धडधडेल.

जायचं कुठे. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले, ते औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी करतात, त्यांचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का विचारून घ्यायला लाजू नकोस, कारण हल्ली दोन दिवसांचा कोर्स करून "माइंड कोच" झालेले गल्लोगल्ली आहेत. पहिल्या भेटीत विचार, तुम्ही पॅनिकसाठी सीबीटी करता का, साधारण किती सेशन्स लागतील. "बालपणापासून सुरू करू, दोन वर्षं लागतील" म्हणाले तर दुसरीकडे बघ. खाजगी परवडत नसेल तर ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, रांग आहे पण खर्च फार कमी. रात्री-बेरात्री बोलायला केंद्र सरकारची टेलि-मानस, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पुण्यात सायकियाट्रिस्ट म्हटलं की कोणीतरी तिथल्या मनोरुग्णालयावरून "येरवड्याला का?" असा विनोद करतोच, करू दे, त्याच माणसाच्या पर्समध्ये किंवा पाकिटात झोपेची गोळी निघते असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस म्हणून विचारते. दोन आठवड्यांच्या वर सतत उदास वाटतंय का, कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडलीय, आपण नसलो तर बरं असं मनात येतं का? पॅनिकबरोबर डिप्रेशन बऱ्याचदा हातात हात घालून येतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर वरची मेट्रोची शिकवणी बाजूला ठेव, आजच नवऱ्याला सांग आणि आजच डॉक्टर गाठ किंवा १४४१६ लाव.

ऑफिसचं. सांगायलाच पाहिजे असं काही नाही, ही तुझी खाजगी बाब आहे, आणि एचआरला सगळं उलगडून सांगायच्या आधी तुमचं ऑफिस कसं आहे ते तुलाच माहीत. माझं मत विचारशील तर शेजारच्या डेस्कवरच्या एखाद्या विश्वासू मैत्रिणीला सांग, एवढंच की कधी मी उठून पॅसेजमध्ये गेले तर मागे येऊ नकोस, मी पंधरा मिनिटांत येते. साहेबांकडून काही हवंच असेल तर काही आठवडे गर्दीची वेळ सोडून यायची सवलत माग, कारण म्हणून "ट्रीटमेंट चालू आहे" पुरतं. ग्रुप मेडिक्लेमची कागदपत्रं मात्र काढून वाच. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, त्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं आहे, पण बऱ्याच पॉलिसींत ओपीडीचा खर्चच नसतो, मग सेशन्सचे पैसे खिशातून जातात. तुमच्यात ओपीडी आहे का ते थेरपी सुरू करायच्या आधी बघ, आणि बिलं जपून ठेव.